ऑटोमॅटिक मिनीव्हॅनच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं, की हात लावू नये?

प्रश्न थोडक्यात असा: सात सीटची ऑटोमॅटिक मिनीव्हॅन, 1,40,000 किलोमीटर झालेली, गिअरबॉक्सचं ऑइल आजवर एकदाही बदललेलं नाही. सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्स उशिरा पडतो आणि ताशी 70 च्या आसपास एकसारखी चालवताना कधीकधी गाडी थरथरते. एक जण सांगतो, हे ऑइल आयुष्यभराचं असतं, बदललंत तर गिअरबॉक्सच बसेल. दुसरा सांगतो, मशीन लावून फ्लश मारून घ्या. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही जसंच्या तसं ऐकू नका. मी गेली 20 वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलतो आणि बांधतो. त्यात मिनीव्हॅनच जास्त असतात आणि त्यातल्या बऱ्याच तुमच्यासारख्याच सल्ल्यांच्या कात्रीत सापडलेल्या असतात. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं अजून हाताबाहेर गेलेली नाहीत. पण पाना हातात घेण्याआधी काही गोष्टी बघायला आणि लिहून ठेवायला हव्यात.

सगळ्यात आधी ऑइलबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंजिनातलं ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं ऑइल हा गिअरबॉक्सचा चालता भाग आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे असतात. इंजिन एक पंखा फिरवतं, तो ऑइल भिरकावतो आणि त्या ऑइलच्या माऱ्याने दुसरा फिरतो. गाडी जागेवरून हलते ती या ऑइलच्या जोरावर. पुढे एकेक गिअर पडतो तो क्लचचे थर एकमेकांवर दाबले जाऊन, आणि दाबणाऱ्या पिस्टनच्या मागेही ऑइलचाच दाब असतो. शिवाय हेच ऑइल गिअर थंड ठेवतं, झीज वाहून नेतं आणि सील मऊ ठेवतं.

त्यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे घर्षणाचं. क्लचच्या प्लेटा एकमेकींना भिडताना हळुवार सरकल्या पाहिजेत, नाहीतर प्रत्येक गिअरला झटका बसेल. पण एकदा भिडल्या की घट्ट धरल्या पाहिजेत, नाहीतर घसरतील आणि जळतील. हा तोल ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं सांभाळतात. एके काळी यासाठी चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरत. 1970 च्या दशकात ते बंद झालं आणि तेलवाल्यांना पर्याय शोधताना बरीच धडपड करावी लागली. ही रसायनं उष्णतेने आणि वापराने संपतात. डब्यात बघाल तर ऑइल तेवढंच भरेल, पण त्यातला हा गुण गेलेला असतो.

म्हणूनच नुसतं लाल दिसतं म्हणून कुठलंही ऑइल ओतून चालत नाही. याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण मिनीव्हॅनचंच आहे. क्रायस्लरने 1989 च्या मॉडेलपासून ए-604 नावाचा चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा गिअरबॉक्स आणला आणि तो त्यांच्या मिनीव्हॅनमध्ये बसला. त्याला कंपनीचं स्वतःचं खास ऑइल लागायचं. पण त्या काळात डेक्सरॉन हे दुसऱ्या जातीचं गिअरबॉक्स ऑइल सगळीकडे मिळे, लोक तेच ओतत आणि कन्व्हर्टरचा क्लच, म्हणजे एकसारख्या वेगाला ते दोन पंखे एकत्र जोडणारा क्लच, थरथरू लागे. त्या गिअरबॉक्सच्या इतरही तक्रारी होत्या, पण चुकीच्या ऑइलने त्यात मोठी भर घातली. पुढे त्या घराण्याला एटीएफ प्लस-4 लागू झालं (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल). टोयोटाला डब्ल्यूएस, होंडाच्या बऱ्याच गाड्यांना डीडब्ल्यू-1, किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना एसपी-4, अशी ज्याची त्याची चाल आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे नाव छापलंय तेच आणा. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा मी वापरत नाही, आणि कुठल्याही ऑइलमध्ये वरून टाकायची बाटलीतली औषधंही नाही.

आता मिनीव्हॅनच का सोसते ते सांगतो. रिकामी मिनीव्हॅनच साधारण 2,000 किलोची असते. त्यात सात-आठ माणसं आणि सामान भरलं की आणखी 500-600 किलो सहज चढतात. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) एकाच खोक्यात, तेही इंजिनाला चिकटून, आजूबाजूला हवा खेळायला जागा नाही. ऑइल थंड करायची नळी बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. गॅरेजमधला जुना ठोकताळा असा की 80 अंश सेल्सिअसच्या वर दर दहा-अकरा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. नेमका आकडा ऑइलप्रमाणे बदलेल, पण दिशा तीच. भरलेली गाडी, लांब चढ, मागे ट्रेलर, किंवा तासभर पुढे-थांब-पुढे अशी वाहतूक यांतलं काहीही नेहमीचं असेल तर तुमचं ऑइल पुस्तकातल्या ‘साधारण वापरा’च्या रकान्यात बसत नाही. त्याच पुस्तकात ‘कठीण वापर’ असा वेगळा रकाना असतो, तो वाचा. मिनीव्हॅन ज्या कामासाठी घेतात ते बहुतेक वेळा त्या दुसऱ्या रकान्यातलंच असतं.

‘आयुष्यभराचं ऑइल’ या शब्दाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो शब्द गिअरबॉक्सच्या अपेक्षित आयुष्याबद्दल असतो, तुमच्या अपेक्षेबद्दल नाही. भरून चालणाऱ्या मिनीव्हॅनचं ऑइल मी 50,000 ते 60,000 किलोमीटरला काढतो, हलक्या वापराच्या गाडीचं 80,000 ते 1,00,000 ला. पुस्तकात याहून लवकर सांगितलं असेल तर पुस्तक.

तुमच्या गाडीकडे येऊ. पाना उचलण्याआधी उद्या सकाळी एक काम करा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा, इंजिनाचा चढलेला वेग खाली येऊ द्या, ब्रेक दाबून ठेवा आणि रिव्हर्स टाका. गिअर टाकल्यापासून गाडी मागे ओढल्याचं अंगाला जाणवेपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजा. मग ड्राइव्ह टाकून तसंच. अर्धा तास चालवून गाडी गरम झाली की पुन्हा दोन्ही. चारही आकडे वहीत लिहा. सेकंद-दीड सेकंद ठीक. दोनच्या वर गेलं तर कुठेतरी दाब उशिरा तयार होतोय. उशीर फक्त थंडपणी असेल आणि गरम झाल्यावर जात असेल, तर ऑइल कमी असणं, रात्रभरात कन्व्हर्टरमधून ऑइल खाली उतरणं, किंवा पिस्टनचे सील कडक होणं ही नेहमीची कारणं. गरम असतानाच उशीर होत असेल तर मामला जास्त गंभीर. ऑइल पातळ झाल्यावर दाब कुठूनतरी निसटतोय, म्हणजे पंप किंवा सील झिजले आहेत.

रिव्हर्सला उशीर नसून ‘धप्प’ असा आवाज येत असेल तर आधी इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बघा. फुटलेल्या माउंटवर इंजिन उड्या मारतं आणि दोष गिअरबॉक्सवर जातो. बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून, ब्रेक घट्ट दाबून कोणाला तरी ड्राइव्ह आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकायला सांगा आणि स्वतः बाजूने बघा, गाडीच्या समोर उभं राहू नका. इंजिन बोटभर उचललं जात असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

थरथर तपासायची पद्धत वेगळी. मोकळा सरळ रस्ता बघा, मागे गाडी नको. 70 ला पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवा. थरथर सुरू झाली की डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवा, मागचे दिवे लागतील इतकाच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच दाबला गेला की कन्व्हर्टरचा क्लच सुटतो. त्या क्षणी थरथर थांबली तर दोष त्या क्लचचा किंवा त्याच्या ऑइलचा. थांबली नाही तर आधी स्पार्क प्लग आणि कॉइल तपासा. इंजिनाचा एक सिलिंडर अधूनमधून चुकला तरी अगदी असंच वाटतं आणि त्यापायी उतरवलेले निरोगी गिअरबॉक्स मी पाहिले आहेत. कन्व्हर्टरचा क्लच आजकाल पूर्ण घट्ट न धरता मुद्दाम किंचित सरकता ठेवतात. त्यामुळे ऑइलमधली घर्षणाची रसायनं संपली की पहिली तक्रार इथूनच येते. चांगली गोष्ट ही की प्लेट अजून चकाकून गुळगुळीत झाली नसेल तर योग्य नव्या ऑइलने ही थरथर बऱ्याच गाड्यांत जाते. तुमच्या प्रश्नातलं हे लक्षण मला म्हणूनच आशादायक वाटतं.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावायला विसरू नका, इंजिनाचा दिवा लागलेला नसला तरी. पी-0700 हा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी नोंद आहे. खरी नोंद वाचायला त्या कंप्युटरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. पी-0741 कन्व्हर्टरच्या क्लचचा, पी-0730 म्हणजे गिअरचं प्रमाण चुकतंय, म्हणजे आत काहीतरी घसरतंय. पी-0715 आणि पी-0720 हे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे. एक व्हॅन माझ्याकडे टो होऊन आली होती. एकाच गिअरमध्ये अडकलेली, आणि आधीच्या गॅरेजने पूर्ण गिअरबॉक्स बांधायला सांगितलेला. वेगाच्या सेन्सरचा कनेक्टर काढला तर आत हिरवट गंज आणि एक पिन जवळजवळ खाऊन गेलेली. कनेक्टर बदलला, कोड पुसले, गाडी आजही चालते आहे. सेन्सरचं माप मिळालं नाही की कंप्युटर स्वतःहून गाडी एका सुरक्षित गिअरमध्ये ठेवतो, म्हणजे हळूहळू घरी पोचता येतं. बॅटरी अशक्त असली किंवा अर्थिंगची तार सैल असली तरी हेच घडतं. एका गिअरमध्ये अडकलेली गाडी म्हणजे मेलेला गिअरबॉक्स, असं समजू नका.

इतकं झाल्यावर ऑइल बघायचं. डिपस्टिक असेल तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि दहा मिनिटं ठेवा. थेंब एकसारखा पसरून तपकिरी-लालसर राहिला तर ऑइल जुनं आहे, इतकंच. मधोमध काळा ठिपका राहून बाजूला फिकट कडं पसरलं तर क्लचचं अस्तर ऑइलमध्ये तरंगतंय. करपल्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. पण नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. काही ऑइलं वापरायला लागल्यावर लवकरच गडद होतात. एटीएफ प्लस-4 चा लाल रंग टिकाऊ नसतो आणि त्यावरून ऑइलची प्रकृती ठरवू नका, असं क्रायस्लर स्वतःच सांगते. ऑइल गुलाबी आणि दुधाळ दिसलं तर मात्र गाडी तिथेच बंद करा. रेडिएटरमधली नळी आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलंय. कूलंटमुळे क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो आणि तशी गाडी थोडी जरी चालवली तरी आतलं अस्तर सोलून निघतं.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी हवी, स्टँडवर भक्कम, नुसत्या जॅकवर कधीच नाही. डिपस्टिक नसलेल्या गाडीत ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरण्याचा प्लग उघडून बघा. तो गंजून बसला असेल, त्याचे आटे गेले असतील आणि तुम्ही आधीच खालून सगळं ऑइल सोडलं असेल, तर गाडी ना चालवता येते ना भरता येते. ऑइल कोमट असताना सोडा, उकळतं नको, हात भाजतो. आणि निघालेलं ऑइल मोजा. हे माप हीच पुढची चावी आहे, कारण जितकं निघालं तितकंच परत भरायचंय. मी खुणा केलेली पारदर्शक कॅन वापरतो आणि निघालेला आकडा खडूने फरशीवर लिहितो.

गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं ताट, म्हणजे पॅन, उतरवता येत असेल तर नक्की उतरवा. गॅरेजमध्ये याला चेंबर म्हणतात. त्याच्या तळाशी चुंबक असतात आणि गिअरबॉक्सचा सगळा इतिहास त्यांच्यावर लिहिलेला असतो. चुंबक काढा, बोटाने वरचा थर पुसा आणि दोन बोटांत चोळा. करडा, लोण्यासारखा मऊ, कण न लागणारा थर असेल तर ती नेहमीची झीज आहे, एवढे किलोमीटर झाल्यावर ती असणारच. बोटाला टोचणारे चमकदार कपचे लागले तर गिअर किंवा बेअरिंग तुटायला लागलंय. चुंबकाला न चिकटता पॅनच्या तळाशी पिवळसर-तांबूस चकाकी दिसली तर बुश, म्हणजे शाफ्टभोवतीच्या मऊ धातूच्या कड्या, झिजतायत. काळी, मिरपुडीसारखी जाड कणी म्हणजे क्लचचं अस्तर. हे मी प्रत्येक गाडीच्या मालकाला बोलावून दाखवतो, कारण पुढचा निर्णय यावर असतो. मऊ करडा थर असेल तर निर्धास्तपणे नवं ऑइल भरा. कपचे किंवा काळी कणी भरपूर असेल तर नव्या ऑइलने दुरुस्ती होणार नाही. तो पैसा गिअरबॉक्स बांधण्यासाठी ठेवा.

फिल्टर बदलताना एका रिंगकडे लक्ष द्या. फिल्टरची मान वर पंपाच्या भोकात बसते आणि तिथे एक सील असतं. जुना फिल्टर खाली ओढला की ते सील बरेचदा वरच भोकात अडकून राहतं, ऑइलने काळं झालेलं, दिसतही नाही. एक व्हॅन दुसरीकडे सर्व्हिस होऊन दोन दिवसांत माझ्याकडे आली. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी गुणगुण, ड्राइव्ह पडायला चार सेकंद, डिपस्टिकवर साबणासारखे बुडबुडे. पॅन उतरवून आरसा धरला तर जुन्या सीलवरच नवं सील चढवलेलं. फिल्टर तिरका बसला होता आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढत होता. जुनं सील बारीक स्क्रूड्रायव्हरने भोकाला ओरखडा न पाडता काढलं, फिल्टर सरळ बसवला आणि गुणगुण तिथेच थांबली. म्हणून नवा फिल्टर लावण्याआधी भोकात बोट फिरवा. जुनं सील हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही गाड्यांत फिल्टर आतच बसवलेला असतो, तो गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही. तिथे नुसतं ऑइल.

पॅनचे बोल्ट लहान असतात. आवळायचं माप बहुतेक गाड्यांत दहा न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. तुमच्या गाडीचं नेमकं माप बघून टॉर्क पान्यानेच, समोरासमोरचे एकेक करत आवळा. लांब पान्याने जोर लावला की पॅनची कड वाकते, आणि गॅस्केट कितीही नवं असलं तरी मग गळतंच. ॲल्युमिनियमच्या खोक्यातले आटे गेले तर ते काम आणखीच वाढतं.

ऑइल किती बदललं जातं, हा हिशेब फार कमी लोक करतात. समजा एकूण ऑइल 9 लिटर आहे. ड्रेन प्लगमधून निघतं साधारण 3.6 लिटर, बाकीचं कन्व्हर्टर, नळ्या आणि वॉल्व्ह बॉडीत (ऑइलला वाट देणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात) अडकून राहतं. म्हणजे पहिल्या बदलानंतर 60 टक्के ऑइल जुनंच. ते मिसळू दिलं आणि पुन्हा तितकंच काढलं तर जुनं 36 टक्के. तिसऱ्यांदा केलं तर सुमारे 22 टक्के. 1,40,000 किलोमीटर एकाच ऑइलवर चाललेल्या गाडीला मी असंच तीन वेळा करतो, पण एका दिवसात नाही. पहिला बदल फिल्टरसकट, मग 300-400 किलोमीटर चालवून दुसरा, तेवढ्याच अंतरावर तिसरा. या मधल्या अंतरात गाडी काय सांगते ते ऐकता येतं. पहिल्या बदलानंतरच घसरण सुरू झाली तर तिथेच थांबता येतं आणि बाकीचं ऑइल वाचतं.

फ्लशच्या सल्ल्याबद्दल. दोन वेगळ्या गोष्टींना लोक फ्लश म्हणतात. एकीत कूलरच्या नळीवर मशीन जोडतात, गिअरबॉक्सचा स्वतःचा पंप जुनं ऑइल बाहेर फेकतो आणि तितकंच नवं आत जातं. गाडी निरोगी असेल आणि पॅन आधी उतरवून साफ केला असेल तर यात गैर काही नाही. दुसरीत मशीन स्वतःच्या दाबाने, कधी रसायन मिसळून, कधी उलट्या दिशेने ऑइल ढकलतं. हे मी करत नाही. वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेला गाळ उठून वॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये आणि सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांच्या, जाळीवर जाऊन बसू शकतो. तुमच्या गाडीला तर नकोच.

‘ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ ही गोष्ट खोटी नाही, तसं घडताना दिसतं. पण ते बहुतेक अशा गाड्यांत, जिथे क्लच आधीच घसरत होते आणि मालकाने शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदललं. अस्तर संपलेलंच होतं, ऑइल बदलण्याच्या दिवशी ते उघडं पडलं. म्हणूनच मी आधी आकडे लिहायला आणि चुंबक बघायला सांगतोय. गिअर बदलताना इंजिनाचा वेग एकदम वर उसळत असेल, चढावर ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नसेल, तर तुमचं प्रकरण अशा आधीच घसरणाऱ्या गाड्यांतलं आहे. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसत नाही.

पातळी तपासणं हे या कामातलं सगळ्यात जास्त चुकणारं पाऊल. ऑइल गरम झालं की फुगतं, म्हणून थंडपणी बरोबर भरलेलं गरम झाल्यावर जास्त होतं. बऱ्याच डिपस्टिकवाल्या गाड्यांत इंजिन गरम, चालू, गाडी सपाटीवर, गिअर एकेक करून सगळ्यांतून फिरवून पार्कमध्ये आणायचा आणि मग बघायचं. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत उलट, इंजिन गरम करून बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटात बघायचं. डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत खालून ओव्हरफ्लोचा प्लग असतो. ऑइलचं तापमान स्कॅनरवर वाचायचं, बऱ्याच गाड्यांत ते 35 ते 45 अंशांच्या दरम्यान सांगितलेलं असतं, आणि इंजिन चालू ठेवून तो प्लग उघडायचा. धार लागली तर जास्त आहे, वाहू द्या. धार तुटून थेंब थेंब झालं की प्लग बंद. काहीच आलं नाही तर कमी आहे. तापमान निघून गेलं असेल तर गाडी थंड होऊ द्या आणि पुन्हा करा, अंदाजाने बंद करू नका. कमी ऑइलने पंप हवा ओढतो. जास्त ऑइल फिरत्या गिअरवर आपटून फेसाळतं, आणि फेसाने दाब तयार होत नाही. म्हणजे दोन्ही चुकांची लक्षणं जवळजवळ सारखीच.

ऑइल बदलल्यावर काही दिवस गिअर थोडे निराळे पडतील. कंप्युटरने जुन्या ऑइलप्रमाणे दाबाच्या वेळा शिकून ठेवलेल्या असतात. काही गाड्यांत स्कॅनरवरून ते शिकलेलं पुसून नव्याने शिकवता येतं, बाकींत शांतपणे, वेगवेगळ्या वेगांत चालवलं की गाडी स्वतः शिकते.

तुमच्या गाडीत बेल्टचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स, असेल, निसान क्वेस्टच्या 2011 पासूनच्या मॉडेलसारखा, तर वरचा ऑइलचा हिशेब तोच, पण ऑइल फक्त सीव्हीटीचंच. साधं ऑटोमॅटिकचं ऑइल त्यात पडलं तर बेल्ट आणि पुलीमधली पकड जाते आणि ते नुकसान भरून येत नाही. टोयोटा सिएना 2021 च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड आहे. तिच्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात, पण त्यात ना बेल्ट, ना टॉर्क कन्व्हर्टर. दोन विद्युत मोटर आणि ग्रहमालेसारखी गिअरची रचना. घसरणारे क्लच नसले तरी ऑइल त्या मोटर थंड ठेवतं, म्हणून तेही बदलायचंच.

चालवण्याच्या सवयींबद्दल थोडंच. उतारावर उभी करताना आधी ब्रेक दाबलेला ठेवून हँडब्रेक लावा आणि मगच पार्क. नाहीतर एवढ्या जड गाडीचा सगळा भार पार्कच्या बोटभर खिट्टीवर येतो आणि सुटताना ‘ठक्क’ असा आवाज होतो तो तिचाच. चिखलात अडकलात तर एक चाक गरागरा फिरवत राहू नका. एक चाक थांबलेलं आणि दुसरं भन्नाट फिरतंय अशा वेळी डिफरन्शियलच्या आतली पिन तापून कापली जाते, आणि ती तुटून गिअरबॉक्सचं खोकं फोडून बाहेर आलेली मी पाहिली आहे. लांब चढावर गिअर सारखा वर-खाली होत असेल तर स्वतःहून एक गिअर खाली ठेवा. नेहमी ट्रेलर ओढत असाल तर रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर बसवून घ्या, मिनीव्हॅनला त्याहून उपयोगी भर मला माहीत नाही. आणि गाडी कधी टो करावी लागली तर पुढची चाकं जमिनीला लागता कामा नयेत. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आतले गिअर कोरडे फिरतात. चारही चाकांना जोर असलेली गाडी तर पूर्ण उचलूनच न्यावी.

तर तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात सेकंद मोजा, ब्रेक टेकवून थरथर बघा, कोड वाचून घ्या. गळती आहे का तेही बघून घ्या, विशेषतः जिथून ॲक्सल गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथल्या सीलवर, कारण थंडपणीचा उशीर अनेकदा नुसत्या लिटरभर कमी ऑइलचा असतो. मग पॅन उतरवून चुंबक बघा. थर मऊ असेल तर फिल्टर आणि पहिलं ऑइल. 300-400 किलोमीटर झाल्यावर, दुसऱ्या बदलाच्या आदल्या सकाळी, रात्रभर उभ्या गाडीला पुन्हा रिव्हर्स टाका आणि नवा आकडा वहीत जुन्याच्या शेजारी लिहा. उशीर अर्ध्यावर आला असेल तर उरलेले दोन बदल करा. जसाच्या तसा असेल तर पुढचं ऑइल घेण्याआधी दाब मोजणारा गेज लावून घ्या.